अब्बांनी दुरुस्त केलेला कागद

आमचे अब्बा ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर होते. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, मशिदीतसुद्धा. निवृत्तीनंतरही घरी आलेली लग्नपत्रिका ते हातात लाल पेन घेऊनच वाचायचे. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले दिसले की त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळे एका सकाळी ते अम्मीला म्हणाले, "माझी खिडकी दे, पेपर वाचायचाय," तेव्हा आम्ही हसलो. त्यांना चष्मा हवा होता.

पुढच्या आठवड्यात चहाची चावी झाली आणि नातवाचा शेजारी. वय ६६, होते असे कधीकधी, असे आम्ही म्हणत राहिलो. मग एके दिवशी फजरची नमाज पढून ते अंगणात खुर्चीवर बसले असताना त्यांचा उजवा हात थरथरू लागला, आणि बघता बघता सगळे अंग. जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन झाला, दुसऱ्या दिवशी एमआरआय. डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूत, लिंबाएवढी गाठ होती. भाषा सांभाळणारा भाग बहुतेकांचा तिथेच असतो.

आम्ही तीन भावंडे. भाईजान शारजात स्टोअरकीपर आहेत, आपा तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, धाकटा गावी शेती आणि दुकान बघतो. हा लेख तिघांनी मिळून लिहिला आहे. शास्त्राचा भाग आपाचा. भांडणाचा भाग मात्र तिघांचा, कारण त्याबाबत कुणा एकाच्या सांगण्यावर बाकीच्या दोघांचा विश्वास नाही.

मुंबईत कुर्ल्याला चाचांच्या मेहुण्याकडे उतरलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळात सह्यांसाठी कागद आले. ऑपरेशनचा, भुलीचा, रक्ताचा, आणि चौथा एक वेगळाच. तपासणी होऊन गाठीचा जो भाग उरेल तो संशोधनासाठी जपून ठेवायला आपली संमती आहे का, असे त्यात विचारले होते. नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही, हेही लिहिले होते.

चाचा म्हणाले, "हे नको. शरीर ही अमानत आहे. कापलेला तुकडा असेल तर तो मातीत जायला हवा, बाटलीत नाही." आम्हाला काय बोलावे सुचेना. धाकट्याने बाहेर जाऊन गावच्या इमामसाहेबांना फोन लावला. ते भले माणूस. म्हणाले, मला ठामपणे सांगता येणार नाही, मोठ्या आलिमांना विचारून कळवतो.

इकडे अब्बांनी तो कागद हातात घेतला होता. बोलताना शब्द निसटत होते, पण वाचलेले अजून समजत होते. एकेका ओळीखाली बोट ठेवून त्यांनी तो दोनदा वाचला. मग आपाकडे बघून हवेत लिहिल्यासारखे बोट हलवले. तिने पेन दिले. आम्हाला वाटले आता सही करतील. पण त्यांनी दुसऱ्या ओळीतला ‘मेंदुतील’ हा शब्द खोडला आणि वर ‘मेंदूतील’ असे लिहिले. समोर उभी असलेली तरुण डॉक्टर बघतच राहिली. अब्बा तिला सावकाश म्हणाले, "आधी शुद्ध. मग सही." आणि खाली सही केली.

चाचा त्यावर काही बोलले नाहीत. इमामसाहेबांचा फोन चौथ्या दिवशी आला. तुकड्याची विक्री नसेल आणि लोकांच्या इलाजासाठी उपयोग असेल तर अनेकांना त्यात हरकत वाटत नाही, वेगळे मत असणारेही आहेत, असे त्यांनी सांगितले. तोवर गाठ निघाली होती.

"मुळासकट काढली ना?" धाकट्याने डॉक्टरबाईंना विचारले. त्या आमच्याच बाजूच्या निघाल्या. म्हणाल्या, "तुमच्या शेतात हरळी आहे का?" त्याला पुढचे सांगावे लागले नाही. हरळी वरून कितीही खुरपा, तिच्या काड्या जमिनीतून लांब गेलेल्या असतात. आणि इथे जमीन म्हणजे माणसाची वाचा, आठवण, उजवा हात. खोल नांगर घालायची सोय नाही.

दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार. मोठ्या माणसांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत झपाट्याने वाढतो. उपचार ठरलेले होते: सहा आठवड्यांत रेडिएशनच्या ३० बैठका, त्याच काळात रोज टेमोझोलोमाइडची गोळी, आणि नंतर दर २८ दिवसांतले पाच दिवस तीच गोळी. ही पद्धत २००५ साली रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या अभ्यासातून सिद्ध केली. नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या पुढे जगत, गोळी जोडल्यावर १४.६ महिन्यांच्या. दोन वर्षांनंतर हयात असणारे शेकडा १०.४ वरून २६.५ वर गेले. "अडीच महिने? फक्त?" भाईजान फोनवर म्हणाले. जगभर आजही प्रामुख्याने हीच पद्धत वापरली जाते.

रिपोर्टात आणखी एक ओळ होती: एमजीएमटी अनमिथायलेटेड. एमजीएमटी हा पेशीचा एक दुरुस्ती-कामगार. टेमोझोलोमाइड कॅन्सरच्या पेशीतल्या डीएनएला जी इजा करते ती तो भरून काढतो. ज्यांच्या गाठीत त्याचे जनुक मिथाइलच्या खुणांनी बंद झालेले असते, त्यांना गोळी जास्त लागू पडते. अब्बांच्या गाठीत ते चालू होते. आपाला हे वाचताच कळले. आम्हा दोघांना तिने ते महिनाभराने सांगितले.

२०२३ चा रमजान रेडिएशनच्या दिवसांतच आला. आयुष्यात पहिल्यांदा अब्बांचे रोजे सुटले. आधी उलटीची गोळी, मग उपाशीपोटी टेमोझोलोमाइड, तासाभराने रेडिएशन, सूज उतरवायला स्टेरॉइड. त्या स्टेरॉइडने साखर चढली, चेहरा फुगला आणि भूक अशी लागायची की दुपारी तीनला ते घासासाठी बोटाने खूण करायचे. घरात सगळ्यांचा रोजा. त्यांना त्याची फार लाज वाटायची. अम्मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची, म्हणजे त्यांना जेवताना कुणाचा चेहरा दिसू नये. ईद मात्र चांगली झाली. त्या दिवशी त्यांनी तीन नातवंडांना नावाने हाक मारली, तिन्ही बरोबर.

सप्टेंबरच्या एमआरआयमध्ये गाठ परत दिसली. आणि त्याच आठवड्यात भाईजानच्या मोबाइलवर एक मेसेज आला: ब्रेन ट्यूमरचा मेन स्विच सापडला, आता गाठ मुळापासून नष्ट! खाली एक नंबर होता. फोनवरच्या माणसाने परदेशातल्या एका सेंटरचे नाव सांगितले, ‘जीन स्विच थेरपी’ असा शब्द वापरला, २२ लाख खर्च सांगितला, निम्मे आगाऊ. आमच्याकडे विकण्यासारखे एकच होते, विहिरीखालचे ३२ गुंठे. अब्बांनी ते फंडाच्या पैशातून घेतले होते. भाईजान म्हणाले, विका. धाकटा म्हणाला, मी गिऱ्हाईक बघतो. आपा म्हणाली, मला पंधरा दिवस द्या. भाईजान तिच्यावर ओरडले, "तुझ्या पंधरा दिवसांत त्यांचं काय होईल?" प्रश्न खरा होता.

त्या पंधरा दिवसांत आपाने कॉलेज सांभाळून रात्री मिळतील ते शोधनिबंध वाचले, आणि तिला धक्का बसला तो याचा की मेसेज पूर्ण खोटा नव्हता. एका शुक्रवारी तिने आम्हाला आणि अम्मीला बसवून सांगितले. अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. तिला समजेल असे सांगायचे म्हणून आपाने अब्बांचीच शाळा घेतली.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचे तेच एक जाड पुस्तक असते. त्यात जनुकांचे सुमारे २०,००० धडे. कातडीच्या पेशीकडेही तेच, मेंदूच्या पेशीकडेही तेच. पण कुठल्या वर्गात कुठले पान उघडायचे हे मास्तर सांगतो. पेशीत हे काम करणारी जी प्रथिने आहेत त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. पाठ्यपुस्तकात प्रतिलेखन घटक असा शब्द आहे. माणसात असे सुमारे १,६०० मास्तर आहेत. ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि तिथला धडा वाचायला लावतात, किंवा बंद ठेवतात. बाळ पोटात असताना मेंदू घडतो, तेव्हा ‘वाढा, दुणे व्हा, पुढे सरका’ हे धडे उघडणारे मास्तर जोरात असतात. सॉक्स-२, ऑलिग-२ ही त्यांतली नावे. मेंदू तयार झाल्यावर बहुतेक पेशींत हे धडे मिटतात. ग्लायोब्लास्टोमात ते पुन्हा उघडतात.

अम्मी म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात पहिलीचा वर्ग भरला."

"हो, आणि घंटा वाजवायला कुणी नाही," आपा म्हणाली.

२०१४ साली अमेरिकेत बोस्टनमध्ये मारिओ सुव्हा, ब्रॅडली बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी यावरचा एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ग्लायोब्लास्टोमाच्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही नवी गाठ उभी करू शकतात, तर काही प्रौढ होऊन तेवढी ताकद गमावून बसलेल्या असतात. या प्रौढ पेशींत त्यांनी फक्त चार ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर चालू केले: पीओयू३एफ२, सॉक्स-२, सॅल-२ आणि ऑलिग-२. त्या पेशी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या आणि उंदरांच्या मेंदूत त्यांनी गाठ केली. मेसेजमधला ‘मेन स्विच’ अशाच कुठल्यातरी शोधाची उडत आलेली बातमी असावी. मात्र हे प्रयोग ज्या पेशींवर झाले त्या आल्या कुठून? ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींमधून. कुठल्यातरी रुग्णांच्या, कुठल्यातरी घरांच्या. आपाने हे सांगितले तेव्हा चाचा दारात उभे होते. ते आत येऊन बसले.

"मग त्या मास्तरांनाच बडतर्फ करायचं औषध का देत नाहीत?" धाकट्याने विचारले.

अडचणी पुष्कळ आहेत. बहुतेक औषधे प्रथिनाच्या एखाद्या खाचेत जाऊन बसतात, कुलपात किल्ली बसावी तशी. बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांना अशी खाचच नसते. नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत, औषधाने धरायचे कुठे? शिवाय ते पेशीच्या पार आतल्या खोलीत, केंद्रकात असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची वीण इतकी घट्ट असते की बहुतेक औषधे रक्तातून मेंदूत उतरतच नाहीत. आणि हेच मास्तर निरोगी पेशींनाही लागतात, सरसकट सगळ्यांना काढून चालत नाही. त्यातून एकाच गाठीत शेजारशेजारच्या पेशी वेगवेगळ्या मास्तरांचे ऐकत असतात.

तरीही हे अशक्य नाही, याचा पुरावा आमच्याच घरात होता. आमची खाला स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षे रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेत होती. ती गोळी इस्ट्रोजेनच्या ज्या ग्राहकाला अडवते, तो ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच आहे. त्याला संप्रेरकासाठी मुळातच खाच असते, म्हणून ते जमले. रक्ताच्या एका घातक कॅन्सरमध्ये, एपीएलमध्ये, एक बिघडलेला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर पेशींना प्रौढ होऊ देत नाही. शांघायच्या वांग झेन-यी यांनी तिथे पेशी मारण्याऐवजी त्यांना मोठे करायचा मार्ग धरला, ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच कुळातले ट्रेटिनॉइन देऊन. २४ रुग्णांवरचा त्यांचा निबंध १९८८ साली आला. पुढे त्याला आर्सेनिकची, म्हणजे आपल्या सोमलाची जोड मिळाली. ज्या आजारात रक्तस्राव होऊन माणसे दिवसांत जात, तो आज बहुतेकांचा बरा होतो. आणि टेक्सासच्या शास्त्रज्ञांना एचआयएफ-२ अल्फा या गुळगुळीत समजल्या गेलेल्या फॅक्टरच्या पोटात एक लहानशी पोकळी सापडली. त्यातून बेल्झुटिफॅन हे औषध झाले. व्हीएचएल या आनुवंशिक आजारात मूत्रपिंडाला आणि मेंदू-मज्जारज्जूलाही गाठी होतात, त्यासाठी २०२१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्या मेंदूतल्या गाठी वेगळ्या, सावकाश वाढणाऱ्या. अब्बांच्या नव्हेत.

अब्बांच्या गाठीसाठी आपाला सर्वांत जवळचे जे सापडले ते एटीएफ-५ चे काम. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लॉइड ग्रीन आणि जेम्स अँजेलास्ट्रो यांना दिसले की ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना जगायलाच एटीएफ-५ लागतो. त्यांनी युक्ती केली. खाच नाही, तर तोतया मास्तर पाठवायचा. खऱ्यासारखा दिसणारा, खऱ्याच्या जोडीदारांना धरून ठेवणारा, पण वर्ग न घेणारा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असा तोतया तुकडा उंदरांच्या कातडीखाली टोचला, तो मेंदूपर्यंत पोहोचला आणि उंदरांच्या गाठी विरल्या.

अम्मीने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे औषध आहे, पण उंदराचं?"

"हो."

"मग तो माणूस २२ लाखांना आपल्याला काय देणार?"

आपाने दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर फोन केला. भाईजान शारजाहून त्याच कॉलवर होते. तिने तीनच गोष्टी विचारल्या: औषधाचे नाव, चाचणीचा नोंदणी क्रमांक, आणि माणसांवरचे निकाल कुठे छापून आलेत. त्याने एकही सांगितले नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तुमचे अब्बा हवेत की कागद?"

कुणीच बोलले नाही. भाईजानने आधी फोन ठेवला.

मुंबईच्या डॉक्टरबाईंनाही आम्ही विचारले. त्यांनी आमचे प्रिंटआउट शांतपणे बघितले, हसण्यावारी नेले नाहीत. म्हणाल्या, "गुरुजींना बसेल अशी चाचणी आत्ता माझ्या माहितीत नाही. असती तर मीच सांगितलं असतं. आणि एक लक्षात ठेवा, खऱ्या चाचणीत नव्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत." भारतात चालणारी प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते, ती कुणालाही मोबाइलवर फुकट बघता येते, हेही त्यांच्याकडूनच कळले. आमच्यासारख्या कुठल्या घरात असा मेसेज आला तर एवढे दहा मिनिटांचे काम आधी करा. आम्ही ते उलट्या क्रमाने केले. आधी गिऱ्हाईक, मग प्रश्न.

शेत विकले नाही. अब्बांना आम्ही विचारलेही होते. तोवर त्यांच्याकडे आठ-दहा शब्द उरले होते. अम्मीने त्यांच्या कानाशी सगळे सांगितले, शेत, परदेश, पैसे. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शाळा." त्यांना काय म्हणायचे होते ते आम्हाला आजही माहीत नाही. प्रत्येकाने आपापला अर्थ लावला, आणि तिघांचे अर्थ वेगळे निघाले.

जानेवारी २०२४ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. तेरा महिने मिळाले. शेवटचे पाच आठवडे ते घरीच होते, अंगणाकडच्या खोलीत. भाईजानचे विमान दफनानंतर तीन तासांनी उतरले. आपाशी ते त्याआधी दोन महिने बोलत नव्हते, नंतरही काही दिवस नाही. हा लेख लिहिताना त्यांनी एक वाक्य घालायला सांगितले आहे, ते तसेच घालतो: "शास्त्र मला पटलं, पण पैसे भरून हरलो असतो तर मला झोप आली असती." आपाला हे मान्य नाही. धाकट्याने त्या ३२ गुंठ्यांत यंदा सोयाबीन केले आणि अम्मी दोघांनाही गप्प बसवते.

आपा अजून वाचते. एटीएफ-५ चा जो जोडीदार, सीईबीपी-बीटा, त्याच्यावर बेतलेले औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आले, ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांनाही ते देऊन पाहिले. ऑलिग-२ अडवणारे एक औषध तोंडावाटे देऊन उंदरांच्या मेंदूत पोहोचते असे दिसले आहे, लहान मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीसाठी त्याचे काम चालू आहे. आम्ही आता ‘सापडले’ हा शब्द दिसला की पुढे ‘कुणात?’ असे विचारतो. उंदरात, काचेच्या बशीत, की माणसात. चाचा तर पेपरातल्या मधुमेहाच्या बातमीलाही हेच विचारतात.

अब्बांच्या गाठीचा उरलेला भाग त्या इस्पितळात मेणाच्या वडीत घालून ठेवलेला असेल. अशा तुकड्यांचे पदर कापून काचपट्ट्यांवर लावतात आणि कुठला मास्तर कुठल्या पेशीत जागा आहे हे रंग देऊन बघतात. अब्बांचा तुकडा कुणी बघितला की नाही, ते आम्हाला कळणार नाही, तसे कळवायची पद्धत नाही. चाचांनी एकदा विचारले, तो अजून असेल का तिथे? आपा म्हणाली, वर्षानुवर्षे ठेवतात. चाचा म्हणाले, मग तिथेही फातिहा पोहोचते, आणि चहाचा कप उचलला.

मूळ कागद इस्पितळाकडे आहे. आमच्याकडे झेरॉक्स आहे, फाइलीत सगळ्यांत वर. पेन निळे होते, झेरॉक्समध्ये ते काळे दिसते. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातले एक जण त्यांच्या भावाला घेऊन त्याच इस्पितळात गेले होते. परत आल्यावर त्यांनी सह्यांच्या कागदांची प्रत दाखवली. चौथ्या कागदावर, दुसऱ्या ओळीत, आता ‘मेंदूतील’ असेच छापलेले आहे.